गायधनी आणि नियम क्रमांक एक

नाव: गुरुप्रसाद दत्तात्रेय गायधनी. मूळ गाव नाशिक, हल्ली मुक्काम फिंतास, कुवेत. वय एकोणपन्नास. बांधा सडपातळ, उंची बेताची. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग (चहाचा, वायूचा नव्हे). हुद्दा: सुरक्षा अधिकारी, ज्वलनशील वायू विभाग. वर्तणूक समाधानकारक. सदर इसमाच्या देखरेखीखालील जागेत, वाहनात अथवा निवासस्थानी संपूर्ण सेवाकालात घडलेले वायूचे अपघात: निरंक.

हे मी दाखल्याच्या भाषेत लिहिलं असलं तरी त्यात खोटं काही नाही. गायधनी आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत. मी पहिल्यावर. आग लागलीच तर आधी बाहेर पडता यावं म्हणून मी पहिला मजला घेतला होता. बाकीचे भाडेकरू म्हणत की गायधनी इमारतीत असताना आगीची हिंमत होणार नाही.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांचा नाच आणि बक्षीस समारंभ यांच्या मध्ये गायधनींचं व्याख्यान असे: ‘घरगुती व प्रवासी वायू: घ्यावयाची काळजी’. लोक तेवढ्या वेळात पानं मांडून घेत. कुवेती माणूस थंडीत कॅराव्हॅन गाडीला जोडून वाळवंटात राहायला जातो, आणि त्याच्या कंपनीतले गोरे साहेबही तेच करतात. त्या कॅराव्हॅनमधला गॅस तपासणं हे गायधनींचं काम. त्यामुळे ज्यांच्याकडे सायकलही नव्हती अशा श्रोत्यांनाही कॅराव्हॅनचे नियम ऐकावे लागत. नियम क्रमांक एक: हलत्या वाहनात सिलिंडर बंद. चाकावरचं घर हादरतं, हादरलं की नळीचे सांधे सैल होतात. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचून राहतो. मग गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या बुडाशी जी बोटभर निळी ज्योत असते, ती उरलेलं काम करते. पेट्रोलपंपावर तर सांधा सैल व्हायचीही गरज नाही, पेट्रोलची वाफच पुरते. नियम क्रमांक दोन: हलत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवू नये. शेवटी ते एक वाक्य म्हणत, ते सगळ्यांना पाठ होतं, कारण त्यानंतर जेवण असे: “वास आला, की उशीर झालेला असतो.”

गायधनींच्या घरात हे सगळं दोन शब्दांवर आलेलं होतं. दाराला कुलूप लावताना श्यामलावहिनी विचारत, “गॅस?” गायधनी म्हणत, “बंद.” कधी उलट, ते विचारत आणि त्या सांगत. लग्नापासूनचा नेम. त्यांची मुलगी शर्वरी नाशिकला मावशीकडे राहून कॉलेजात जायची. तीही म्हणे तिकडे कुलूप लावताना स्वतःलाच विचारी आणि स्वतःच उत्तर देई.

श्यामलावहिनींना मधुमेह होता, गोळ्यांनी न भागणारा. दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्या स्वतःच टोचून घेत, आमटीला फोडणी देता देता, गप्पांत खंड न पाडता. इन्सुलिन फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी असे.

नव्वद सालच्या दोन ऑगस्टला इराकी फौजा शहरात शिरल्या. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. आमच्या इमारतीपुरतं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात दुकानांतला पाव संपला, दुसऱ्यात दुकानं संपली आणि तिसऱ्यात कळलं की दवाखान्यांतली औषधं ट्रकमध्ये भरून उत्तरेला जात आहेत. हिंदुस्थानी लोकांना जाऊ देत होते, पण रस्त्याने: बसरा, बगदाद, मग इराकचं वाळवंट ओलांडून जॉर्डन. अम्मानहून विमान. बसला किती दिवस लागतील ते बसवाल्यालाही ठाऊक नव्हतं. ऑगस्टचं ऊन, आणि बसमध्ये बर्फ कुठला.

रेखा साळवे ही जालन्याची नर्स आमच्या ओळखीची होती. तिने वॉर्डातून निघताना इन्सुलिनच्या सहा बाटल्या पोलक्यात लपवून आणल्या. “सर, ह्या गार ऱ्हायल्या तर वहिनी अम्मानपर्यंत निभावतील,” ती म्हणाली. “तापल्या तर नुसतं पाणी.”

म्हणून गायधनींना कॅराव्हॅन आठवली. त्यांचे मॅनेजर जुलैत सुटीवर इंग्लंडला गेले होते. त्यांची कॅराव्हॅन सुलैबियातल्या एका यार्डात उभी होती आणि किल्ली, दरवर्षीप्रमाणे, तपासणीसाठी गायधनींकडे होती. आतला फ्रिज तीन प्रकारे चालायचा: घरच्या विजेवर, ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर, किंवा गॅसवर. बॅटरीवर चालवत न्यायचा, असं गायधनींनी ठरवलं. ते यार्डात गेले तेव्हा कॅराव्हॅन शाबूत होती, सिलिंडर भरलेला होता, पण गाडीला जोडायची जाडजूड वायर कोणीतरी मुळापासून कापून नेली होती. तांब्याला गिऱ्हाईक असतं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फ्रिज गॅसवर पेटवला, खालच्या ज्या बारीक काचेतून ज्योत दिसते तिच्यापुढे कपड्यांची ट्रंक सरकवून ठेवली आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, “बॅटरीवर आहे. दार मात्र कोणी उघडायचं नाही. गारवा जातो.” जन्मभर इतरांची कॅराव्हॅन रस्त्यात थांबवून ज्योत विझवायला लावणारा माणूस स्वतःची ज्योत पेटवून आठशे मैल जायला निघाला होता. बाकीच्यांना त्यात काहीच वाटलं नसतं. गायधनींना मात्र लाज वाटली.

निघाले ते चौघं. गायधनी आणि वहिनी, रेखा, आणि एगैलातल्या दुकानात गल्ल्यावर बसणारा शरद बेंद्रे, चिपळूणचा. त्याचं दुकान लुटून झाल्यावर गल्ल्यावर बसायचं कारण उरलं नव्हतं. चौघं गायधनींच्या जुन्या शेवरलेत, मागे कॅराव्हॅन. मी दुसऱ्या दिवशीच्या बसने जाणार होतो. निरोप द्यायला खाली उभा होतो. पुढचं मला शरदने आणि रेखाने वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही, तेव्हा खरं धरायला हरकत नाही. हे एवढं मात्र मी स्वतः ऐकलं.

वहिनी गाडीत बसल्या, दार लावलं, काच खाली केली.

“घरचा गॅस?”

“बंद.”

“मागचा?”

गायधनी आरसा नीट करत होते. “बंद,” ते म्हणाले.

सफवानच्या नाक्यावर सैनिकांनी गाडीतलं सगळं उतरवायला लावलं. शरदचा टेपरेकॉर्डर गेला, रेखाचं घड्याळ गेलं. एकाने फ्रिज उघडून बाटल्या पाहिल्या, रेखाने दंडावर सुई टोचल्याची खूण करून दाखवली, आणि त्याने दार लावून टाकलं. तेवढ्यात दुसरा, अंगावर बंदूक टाकलेला विशीतला पोरगा, कॅराव्हॅनच्या पुढच्या दांडीवर, सिलिंडरच्या पेटीला टेकून बसला आणि त्याने सिगारेट काढली.

“ममनू,” गायधनी म्हणाले. म्हणजे मनाई आहे.

शरद सांगतो की त्या क्षणी त्याने मनातल्या मनात आईला नमस्कार केला. सैनिकाने वर बघितलं. गायधनींनी पेटीवरचं लाल चित्र दाखवलं, मग आपल्या तोडक्या अरबीत तीन मीटरचं अंतर हाताने मोजून दाखवलं. पोरगा हसला, उठला, मोजून तीन पावलं लांब गेला आणि तिथे सिगारेट पेटवली.

“साहेब,” गाडी सुरू झाल्यावर शरद म्हणाला, “अख्खा देश घेतला त्यांनी, कोणी काही बोललं नाही. तुम्ही त्यांची सिगारेट थांबवलीत.”

“नियम आहे तो,” गायधनी म्हणाले. मागे, ट्रंकेच्या आड, ज्योत जळत होती.

पेट्रोलपंपाचा प्रश्न त्यांनी असा सोडवला होता: पंप दिसला की अलीकडेच गाडी बाजूला घ्यायची, लघवीला जातो म्हणून उतरायचं, कॅराव्हॅनच्या आडोशाला जाऊन सिलिंडर बंद करायचा. पेट्रोल भरून झालं की पुढे पुन्हा थांबायचं, पुन्हा उतरायचं, आणि ट्रंकेतले कपडे काढायचं निमित्त करून फ्रिज परत पेटवायचा. बसऱ्यापासून बगदादपर्यंत हे चाललं.

“मला एक कळत नाही,” शरद म्हणाला. “डायबेटिस वहिनींना, आणि फेऱ्या साहेबांच्या.”

“भावजी, वय होतं माणसाचं,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, पण पंप बघूनच होतं?”

वहिनी हसून हसून ठसकल्या. रेखा म्हणते, तो शेवटचा बरा दिवस. वापरातली बाटली वहिनींनी ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या सुरईच्या गळ्याशी बांधली होती. ती संपत आली होती. बाकीच्या पाच फ्रिजमध्ये होत्या.

रमादीला शेवटचं पेट्रोल भरलं आणि दोन कॅन जादा घेतले. त्यापुढे वाळवंट. सरहद्दीच्या चौकीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, चौकी दिसतही नव्हती तिथपासूनच. पुरुषांनी पासपोर्ट घेऊन चालत पुढे यावं आणि शिक्का मिळेपर्यंत तिथेच थांबावं, बायकांनी गाड्या सांभाळाव्यात, असं सांगण्यात आलं. गायधनींनी वहिनींना दोन गोष्टी बजावल्या: फ्रिजचं दार उघडायचं नाही, आणि कॅराव्हॅन सोडून जायचं नाही. तिसरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, असं रेखा म्हणते. पण शेजारी शरद उभा होता, आणि एक केरळी कुटुंबही कौतुकाने ऐकत होतं. “सांभाळून,” एवढंच म्हणून ते गेले.

चौकीत दोन दिवस आणि मधली रात्र गेली. शिक्का मारणारा कारकून एकच होता आणि तो नमाजाला, जेवायला आणि रागावून अशा तिन्ही कारणांनी उठून जात होता. गायधनी रांगेत उभे राहून मनात हिशेब करत होते की एवढा सिलिंडर फ्रिजला महिनाभर पुरतो, तेव्हा काळजीचं कारण नाही.

इकडे पहिल्याच दुपारी वहिनी कॅराव्हॅनच्या सावलीला बसायला म्हणून पुढच्या दांडीशी गेल्या. चारी बाजूंनी गाड्या खेटून उभ्या होत्या. लोक स्टोव्ह पेटवून चहा करत होते, भात शिजवत होते. वहिनींनी सवयीने पेटीचं झाकण उचलून बघितलं. सिलिंडर उघडा होता. त्यांनी तो बंद केला, घट्ट, शेवटी पाव वळसा अधिक, व्याख्यानात सांगत तसा. मग झाकण लावून पदराला हात पुसले. रेखाने विचारलं, काय झालं. “काही नाही ग,” वहिनी म्हणाल्या.

पुरुष परत आले तेव्हा ऊन कलत होतं. शरद शिक्के दाखवत नाचायचा बाकी होता. गायधनी सरळ दांडीशी गेले, चपलेतली वाळू झटकायचं निमित्त करून वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“श्यामला, हा कोणी बंद केला?”

“मी.” वहिनींनी आवाज खाली आणला. “तुम्ही गेलात त्याच दुपारी. उघडाच राहिला होता हो. आजूबाजूला सगळे स्टोव्ह पेटलेले. म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरलेत, या धावपळीत कोण विसरणार नाही. कोणाला बोलले नाही. शरदभावजींना कळलं असतं तर जन्मभर चिडवत बसले असते तुम्हाला.”

“मी विसरलो नव्हतो,” गायधनी म्हणाले.

“मग?”

“फ्रिज त्याच्यावर चालू होता.”

वहिनींनी कॅराव्हॅनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “तुम्ही बंद म्हणालात.”

“हो.”

“मला तरी सांगायचंत.”

गायधनींनी पेटीचं झाकण लावून टाकलं.

रेखाने फ्रिजचं दार उघडलं. आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला, कढईतून काढावा तसा. कॅराव्हॅन पत्र्याची, दारं-खिडक्या वाळूसाठी बंद, फ्रिजची बाजू दोन्ही दिवस उन्हाकडे. तिने एक बाटली उजेडात धरली. स्वच्छ पाण्यासारखं दिसायला हवं ते गढूळ झालं होतं, आणि काचेला आतून दाणे चिकटले होते. दुसरी तशीच. तिसरी जरा बरी वाटली, म्हणून तिने ती बराच वेळ धरून ठेवली.

“सर, किती जोर शिल्लक हाय ते इथं उभं राहून नाही सांगता येत,” ती म्हणाली. “असेल थोडा. नसेल बी.”

“नासलं म्हणून आपण दूध कधी टाकत नाही,” वहिनी म्हणाल्या. “हे तरी कशाला टाकायचं? दुप्पट घेते.” आणि त्यांनी तिथेच, दांडीवर बसून, सुई भरली. शरद दुसरीकडे बघत उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं, लघव्यांसकट. त्याने पुढे कधीही चिडवलं नाही.

दोन देशांच्या चौक्यांमध्ये जी कोणाचीच नसलेली जमीन असते तिच्यावर तंबूंचं गाव वसलं होतं. पाण्याचा टँकर आला की माणसं धावत. डॉक्टरांचा तंबू एक होता, त्यापुढे सकाळपासून रांग. इन्सुलिन? संपलंय, येईल. कधी? बुकरा. बुकरा म्हणजे उद्या, हे पहिल्या दिवशी समजतं. कुठला उद्या हे समजायला वेळ लागतो. गायधनी रोज त्या रांगेत उभे राहत. शरद तंबूतंबूतून विचारत हिंडला, हिंदीत, इंग्रजीत, अरबीत, हातवाऱ्यांनी. एका इजिप्शियन म्हातारीने तिच्याकडची अर्धी बाटली दिली. तिलाही स्वतःला लागत होती. ती दोन दिवस पुरली.

मग वहिनींची तहान सुरू झाली. टँकरचं सगळं पाणी त्यांना कमी पडू लागलं. मग उलट्या. मग श्वास खोल खोल लागला, जिना चढून आल्यासारखा, पडल्या जागी. रेखाने गायधनींना बाजूला नेऊन सांगितलं की तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, म्हणजे आता दवाखानाच हवा.

“आला मलाही,” गायधनी म्हणाले. “काल संध्याकाळीच आला.”

जॉर्डनची चौकी त्या दिवशी आजाऱ्यांच्या गाड्या सोडत होती. रुवैशिद गावात दवाखाना होता. वहिनींना बसवत नव्हतं, म्हणून त्यांना कॅराव्हॅनमध्ये पलंगावर निजवलं आणि रेखा शेजारी बसली. नियम क्रमांक दोन तिथे मोडला. गाडी सुरू करण्याआधी गायधनी खाली उतरले, पेटीचं झाकण उचललं, हाताने चाचपून बघितलं. बंद होता. त्यांनी झाकण लावलं. पुन्हा उचलून बघितलं. शरद स्टिअरिंगवर बसला होता. विचारणारं माणूस मागे होतं, आणि ते शुद्धीवर नव्हतं.

रुवैशिदला पोचण्याआधी रेखा कॅराव्हॅनच्या पुढच्या काचेवर थापा मारताना आरशात दिसली. शरदने वेग कमी केला. पुढे घाई करायचं कारण नव्हतं.

अम्मानहून विमानाने गायधनी मुंबईला आणि तिथून नाशिकला पोचले. वहिनींना ठेवलेली पेटीही त्याच विमानात होती. शर्वरीने त्यांना काही विचारलं नाही; तिला आई मधुमेहाने गेली असं सांगण्यात आलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. त्या घरी स्वयंपाक मावशी करत. कुलूप लावताना मावशीच विचारत, मावशीच उत्तर देत. गायधनी तोवर रस्त्यावर गेलेले असत.

एक्क्याण्णव साली कुवेत सुटलं, तेव्हा तेलाच्या सहाशेवर विहिरी पेटलेल्या होत्या. दुपारी बारा वाजता लोक मोटारीचे दिवे लावून हिंडत. जुन्या माणसांना कंपन्या परत बोलावू लागल्या. मी गेलो, शरद गेला नाही, रेखा सौदीला लागली. गायधनींनाही बोलावणं आलं. सुटीवरून परतलेल्या मॅनेजरसाहेबांनी स्वतः त्यांची शिफारस केली, कॅराव्हॅनचा विषय त्यांनी मोठेपणाने काढला नाही. गायधनी आले, त्याच हुद्द्यावर. फिंतासच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात त्यांनी विजेची शेगडी ठेवली. त्या वर्षी मंडळाचा उत्सव साधेपणाने झाला. व्याख्यान झालं नाही, आणि पानं वेळेवर मांडली गेली.

कंपनीने त्यांच्या सेवेचा दाखला नव्याने तयार केला. ज्वलनशील वायू विभाग, वर्तणूक समाधानकारक, अपघात निरंक. कोणत्याही चौकशीत ते टिकेल. गळती झाली नाही, भडका उडाला नाही, कोणाला चटका बसला नाही.

कॅराव्हॅन रुवैशिदला एका भंगारवाल्याला दिली. त्याला सिलिंडर नको होता, म्हणून तो उतरवून ठेवावा लागला. शरद म्हणतो, उचलायला दोन माणसं लागली. तो जवळजवळ भरलेला होता.